गणपतीतला उंचवटा

गुणाजी धुरीला या सगळ्यातून मिळणार काय होतं, ते आधी बघून घेऊ. नाहीतर पुढे कोणीतरी म्हणेल, की भोळा होता बिचारा, त्याला कळलंच नाही.

मिळणार होतं नाव. छापील, इंग्रजीत, परदेशातल्या एका शोधपत्रिकेत. आधी अपूर्व देवस्थळी, मग त्याच्या गाईडबाई आणि तिसरं जी. बी. धुरी. डोंबिवलीच्या त्या कॉलेजात शिपाई म्हणून लागलेल्या माणसाचं नाव संशोधनावर यायची ही पहिलीच खेप होती. त्याच्या जोडीला शनिवारच्या संशोधन दिनाला शाल, नारळ आणि स्टेजवरची खुर्ची. आणि ती खुर्ची मांडायची दुसऱ्या कोणीतरी, हेही आलंच. आणखी एक फायदा होता, जो गुणाजी बोलून दाखवत नव्हता. त्याचा मेहुणा सुदेश ठाण्याला बँकेत अधिकारी होता आणि गेली तीस वर्षं चारचौघांत ‘आमचे भावोजी कॉलेजात असतात’ एवढं म्हणून घाईघाईने विषय बदलत होता. आता ते वाक्य त्याला पुरं करता आलं असतं.

आणि द्यायचं काय होतं? काही नाही. फक्त गप्प बसायचं होतं. मात्र हे गुणाजीला कळलं बुधवारी सकाळी, साडेआठ वाजून गेल्यावर.

तो तेव्हा कॉलेजच्या गच्चीवर पर्जन्यमापकापाशी उकिडवा बसला होता. वरचं नरसाळं काढून त्याने आतली बाटली उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा जागेवर ठेवली आणि रजिस्टरात लिहिलं, ०.०.

“काका, जानेवारीत काय मोजताय?” अपूर्व लॅपटॉप छातीशी धरून जिना चढून आला होता.

“काही नाही, ते मोजतोय,” गुणाजी म्हणाला. “पडला नाय हे पण कोणीतरी बघायला लागतं ना, सर.”

अपूर्व भूगोल विभागात तासावर शिकवायचा आणि उरलेल्या वेळात हवामानात पीएच.डी. करायचा. मार्चमध्ये प्रबंध द्यायचा होता, त्यामुळे हल्ली त्याची दाढी वाढली होती आणि जेवण कमी झालं होतं. गच्चीच्या कठड्यावर त्याने लॅपटॉप उघडला.

“तुम्हाला पहिल्यांदा दाखवतोय. शनिवारी सगळ्यांना दाखवणार. हे तुमचे तीस पावसाळे, पंच्याण्णवपासून. एक दिवस चुकलेला नाही हो! सरकारी केंद्रातसुद्धा अशी मालिका मिळायची नाही. आता इथे बघा.”

पडद्यावर एक निळी रेघ होती. जूनमध्ये चढलेली, जुलैत डोंगर झालेली, मग हळूहळू उतरलेली. उतरता उतरता एका जागी तिला टेंगूळ आलं होतं.

“हे काय?”

“हाच तर शोध! इंग्रजी तारखांनी लावलं तर दिसत नाही. कधी ऑगस्टमध्ये असतो, कधी सप्टेंबरमध्ये. मी वेडा झालेलो. शेवटी आई म्हणाली, तिथीने लावून बघ. लावलं, आणि सगळे एका रेषेत! चतुर्थीच्या आदल्या दिवशी सुरू होतो, बरोबर नऊ दिवस राहतो आणि दहाव्या दिवशी धाडकन खाली. काका, गणपती आले की डोंबिवलीत पाऊस जवळजवळ दुप्पट होतो!”

अपूर्वला बोलणारा नकोच होता, ऐकणारा हवा होता.

“कारण काय, तर फटाके, धूप, उदबत्त्या, ढोलताशाबरोबर उडालेली धूळ. हे बारीक कण वर जातात आणि पाण्याचे थेंब धरायला ढगाला आधार मिळतो. आसपासच्या केंद्रांवर हे दिसत नाही, म्हणजे परिणाम अगदी स्थानिक आहे. आणि पक्का पुरावा दोन हजार वीस! लॉकडाऊन. मिरवणूक नाही, फटाके नाहीत. उंचवटा गायब! शहाण्णवनंतर ते एकच वर्ष सपाट आहे. गाईडबाई फोनवर म्हणाल्या, अपूर्व, याला म्हणतात नशीब.”

वीस साली उंचवटा का नव्हता, हे गुणाजीला ढगापर्यंत न जाता ठाऊक होतं. त्या वर्षी तो गावाला गेला नव्हता.

आता हे नीट समजायला पंच्याण्णव साली जायला हवं. तेव्हा भूगोलाचे विभागप्रमुख होते सुधीर सर. कडक इस्त्रीचा माणूस. गुणाजी नवीन लागलेला, पहिल्याच वर्षी गणपतीला नऊ दिवस गावी गेला आणि परत आला तो रजिस्टरात नऊ कोरे रकाने. सरांनी त्याला पाऊण तास उभं करून ऐकवलं आणि शेवटी दोन हुकूम दिले. पहिला, प्रत्यक्ष मोजल्याशिवाय एक आकडा लिहायचा नाही. दुसरा, एकही रकाना कोरा राहता कामा नये.

दुसऱ्या वर्षी गुणाजी गणपतीला गेलाच नाही. कणकवलीच्या वरच्या अंगाला त्याचं गाव. तिथे आईने आरतीच्या वेळी त्याच्या नावाने एवढा टाहो फोडला की म्हणे भटजी मंत्र विसरले. तिसऱ्या वर्षी कॉलेजात नवा फायबरचा पर्जन्यमापक आला आणि जुना पत्र्याचा भंगारात निघाला. गुणाजीने सरांना विचारलं, “हा गावाला नेऊ?”

“ने. काय करणार आहेस त्याचं?”

“पाऊस मोजणार.”

सर हसले. त्यांना तो विनोद वाटला. गुणाजी मात्र आयुष्यात कामाच्या बाबतीत विनोद करत नसे. गावच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, चिऱ्याचा चौथरा बांधून त्याने डबा बसवला आणि त्या वर्षीपासून गणपतीतले नऊ दिवस सकाळी साडेआठला, घरात आरती चालू असली तरी मधून उठून, तो पाऊस मोजू लागला. ठाण्याच्या खोपट डेपोतून रात्रीची एसटी धरायची ती याच हिशोबाने, की सकाळी सातला फाट्यावर उतरून साडेआठच्या आत खळ्यात पोचता यावं. आदल्या सकाळी बाटली रिकामी करून ठेवायचं काम आईकडे. एका वर्षी रस्त्यात दरड आली, तर पुढचे वीस किलोमीटर तो टेम्पोत लाकडाच्या फळ्यांवर बसून गेला. आठ अठ्ठावीसला पोचला. आई पाया पडून घ्यायला पुढे आली, तर हा तिला ओलांडून डब्याकडे.

मग परत आल्यावर ते नऊ आकडे कॉलेजच्या रजिस्टरात सुवाच्य अक्षरात उतरवायचे. सरांचे दोन्ही हुकूम पाळले गेले. मोजल्याशिवाय लिहिलं नाही आणि कोरं ठेवलं नाही. रजिस्टरात तारीख, वेळ आणि मिलिमीटर असे तीनच रकाने होते. ठिकाणाचा रकाना नव्हताच. ते पुठ्ठ्यावर एकदा छापलेलं होतं, आणि पुठ्ठा कोण वाचतो? गच्चीवरच्या बाटलीत नऊ दिवसांचं साचलेलं पाणी गुणाजी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतून टाकायचा.

सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस तो. डोंबिवलीच्या दुप्पट पडणारच.

“कळलं ना, काका?” अपूर्व म्हणाला. “हा उंचवटा तुमचा आहे. तुमच्यामुळे सापडला.”

“माझाच आहे,” गुणाजी म्हणाला. एवढं मात्र खरं बोलला.

संध्याकाळी गुणाजी दिवा स्टेशनाजवळच्या घरी पोचला तेव्हा त्याची बायको शीला मोरीत उभी राहून नळाला दटावत होती. पाणी आलं होतं, पण येऊन उपकार केल्यासारखं करंगळीएवढं. तिने पिंप, कळशी आणि दोन डबे अशी रांग लावली होती.

“अहो, शनिवारी कुठला शर्ट घालताय? सुदेश येतोय बघायला. रजा टाकलीय त्याने.”

“त्याला कोणी सांगितलं?”

“मी. का, सांगू नको? इतकी वर्षं त्याच्या बढतीचे पेढे खाल्ले आपण. एकदा त्यांनी खाऊ देत.”

गुणाजीने कळशीखालचा डबा सरकवला आणि सगळं सांगितलं. शीला ऐकत होती आणि मधेमधे नळाकडे बघत होती. शेवटी म्हणाली, “म्हणजे इतकी वर्षं तुम्ही गावचा पाऊस इकडे आणून टाकलात?”

“आकडे आणले.”

“तेच ते. अगो बाई! आणि मी लोकांना सांगते की ह्यांना एक गोष्ट गावाहून आणायला सांगितली तर विसरतात.” ती हसायला लागली ती थांबेना. मग पदराने डोळे पुसून एकदम व्यवहारावर आली. “नाही सांगितलंत तर काय होईल?”

“नाव छापून येईल.”

“आणि सांगितलंत तर?”

“त्या पोराचा प्रबंध जाईल. माझं नाव तर जाईलच.”

“मग कोणाचं भलं होणार सांगून?”

हा प्रश्न बिनतोड होता. तेवढ्यात नळ गेला.

“बघा,” शीला रिकाम्या डब्याकडे बघत म्हणाली, “मी काय सांगणार? पण सुदेशला आता येऊ नको म्हणून सांगायला मी फोन करणार नाही. तेवढं तुमचं तुम्ही.”

गुरुवारी आणि शुक्रवारी गुणाजीची ड्युटी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत होती. तिथे रसिका मॅडम कर्करोगावर काम करायच्या. म्हणजे रोगावर नाही, शरीर त्याच्याशी लढतं कसं आणि हरतं कसं, त्यावर. वय तिशीच्या आत, बोलणं भरभर. शनिवारी त्यांचंही भाषण होतं आणि सरावाला श्रोता म्हणून त्यांनी काचेच्या नळ्या धुणाऱ्या गुणाजीला धरलं.

“काका, तुम्हाला कळलं तर सगळ्यांना कळलं. सांगू?”

“सांगा. नळ्या पुसता पुसता ऐकतो.”

“आपल्या रक्तात राखणदार पेशी असतात. सोसायटीच्या वॉचमनसारख्या. प्रत्येक पेशीला अडवतात, पास बघतात. बाहेरची असेल तर धरून मारतात. मग गाठीतली पेशी कशी सुटते?”

“वॉचमन झोपला असेल.”

“नाही ना! सगळे तसंच म्हणतात. वॉचमन जागा असतो. ती पेशी त्याला पास दाखवते आणि पास खरा असतो. कारण ती घरातच जन्मलेली असते. वॉचमन म्हणतो, जा. अशी वर्षानुवर्षं ती आत राहते, वाढते.”

“मग त्यावर औषध?”

“नवीन औषधं वॉचमनलाच सांगतात, पासवर जाऊ नकोस, समोर उभं कोण आहे ते बघ.”

गुणाजीचा हात नळीत थांबला. त्याच्या डोळ्यांसमोर रांग उभी राहिली. सत्तावीस वर्षं गुणिले नऊ, दोनशे त्रेचाळीस आकडे. प्रत्येकाच्या हातात पास. वेळ साडेआठ, दशांश एक, अक्षर सुवाच्य. सुधीर सरांनी तपासले, त्यांच्यानंतर तीन विभागप्रमुखांनी तपासले, अपूर्वने संगणकात घालून तपासले. सगळ्यांनी म्हटलं, जा.

“मॅडम, आणि अशी पेशी स्वतःच येऊन म्हणाली, की मी इथली नाही, तर?”

रसिका मॅडमनी हातातले कागद खाली ठेवले. “काका, तसं झालं तर माझी पीएच.डी.च फुकट गेली म्हणायची.”

“तेच तर,” गुणाजी म्हणाला, “कोणाची तरी जाणारच.”

शनिवारी सकाळी तो साडेआठच्या आधी गच्चीवर होता. अपूर्वला त्याने फोन करून बोलावून घेतलं होतं. अपूर्व नव्या कोटात आला. कोट भाड्याचा असावा, खांदे त्याच्या पुढे चालत होते. गुणाजीने बाटली उलटी केली, रजिस्टरात लिहिलं आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं.

अपूर्व आधी हसला. मग त्याने गुणाजीचा चेहरा बघितला आणि कठड्यावर बसला.

“वीस साली?”

“गाड्या बंद होत्या. मी कॉलेजच्या वॉचमनच्या खोलीत राहिलेलो चार महिने. इथलाच पाऊस मोजला.”

“शहाण्णव?”

“तेव्हा गेलो नाय. आईने अजून ऐकवणं सोडलेलं नाय.”

“आणि पंच्याण्णवचे नऊ दिवस?”

“ते कोरेच होते. मागून सुधीर सरांनी शेजारच्या केंद्रावरून भरले. लाल पेनाने.”

“मी त्या लाल पेनावर एक तळटीप लिहिलीय, काका,” अपूर्व म्हणाला. “चार पानं आहेत उदबत्तीच्या धुरावर. मी घरात उदबत्त्या जाळून कण मोजलेत. आईला दमा आहे.”

“चुकलं माझं, सर.”

“चुकलं कसं म्हणू? तुम्ही तर...” तो कठड्यावरून उठला. “काका, एक करा. आजचा दिवस. गाईडबाई येतायत, प्राचार्य आहेत. आज एवढं होऊ दे. सोमवारी मी शांतपणे काय ते बघतो. तोपर्यंत कोणाला बोलू नका.”

गुणाजीने विचार केला. पोराला दोन दिवस हवे होते. दोन दिवसांत काही पाऊस पडणार नव्हता.

“मी आपणहून बोलणार नाय,” तो म्हणाला. “पण कोणी विचारलं तर?”

“कोण विचारणार आहे तुम्हाला!” अपूर्व म्हणाला आणि लगेच ओशाळला. पण बोलला ते खरंच होतं. त्या कॉलेजात गुणाजीला चाव्यांखेरीज कोणी काही विचारत नसे.

सभागृह भरलं. शीला मोरपिशी साडीत, शेजारी सुदेश सोनेरी काड्यांचा चष्मा लावून, हातात मोबाईल तयार. गुणाजीला स्टेजवर खुर्ची होती, पण आयत्या वेळी पडद्यावर चित्रं दाखवणारं यंत्र रुसलं आणि ते फक्त गुणाजीच्या हाताला वळत असल्यामुळे शाल पांघरून तो यंत्रापाशीच उभा राहिला.

रसिका मॅडमचं भाषण झालं. वॉचमनला टाळ्या पडल्या. मग अपूर्व उठला. सुरुवातीला अडखळला, पण तीस पावसाळ्यांची निळी रेघ पडद्यावर आली आणि त्याचं त्यालाच बरं वाटू लागलं. उंचवटा आला तेव्हा सभागृहात “अरे वा!” झालं. गणपतीच्या मंडळाचे दोन पदाधिकारी मागे बसले होते, त्यांना तर हा आपलाच सत्कार वाटला. गाईडबाई मान डोलवत होत्या. सुदेशने पडद्याचा फोटो काढला, मग भावोजींचा काढला.

“काही प्रश्न?” प्राचार्यांनी घड्याळाकडे बघत विचारलं.

मंदाकिनी मॅडमनी हात वर केला. या इतिहासाच्या. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून संग्रहालयशास्त्राचा अभ्यासक्रम करून आल्या आणि कॉलेजच्या जुन्या उपकरणांचं छोटं दालन उभं करण्याच्या मागे लागल्या. तीस वर्षांची रजिस्टरं त्यांनीच दालनासाठी मागितली होती.

“अपूर्व, फार सुंदर मांडलंस. मला विज्ञानातलं कळत नाही, माझा प्रश्न अगदी साधा आहे. आमच्या शास्त्रात कुठलीही वस्तू हातात आली की पहिल्यांदा विचारतात, ही कोणाच्या हातची? तर गणपतीतले हे आकडे कोणी घेतले? कारण गणपतीत अर्धी डोंबिवली गावाला असते.”

हशा पिकला. अपूर्वने पाण्याची बाटली उघडली. “कॉलेजच्या... कर्मचारी वर्गाने, मॅडम.”

“म्हणजे गुणाजींनी.”

“हो. म्हणजे, प्रामुख्याने.”

“पण गुणाजी तर दर वर्षी गणपतीहून येताना मला गावचं खाजं आणून देतात,” मंदाकिनी मॅडम खरोखरच्या कुतूहलाने म्हणाल्या. “मागच्या वर्षीचा डबा अजून द्यायचा राहिलाय. का हो गुणाजी? तुम्ही गावी, तर मोजत कोण होतं?”

सगळ्या माना वळल्या. विचारलं गेलं होतं. शीलाने डोळे मिटून घेतले. अपूर्वने मिटले नाहीत. तो भाड्याच्या कोटात उभा राहून गुणाजीकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर विनवणी होती की परवानगी, हे गुणाजीला शेवटपर्यंत कळलं नाही.

“मीच मोजलेलं, मॅडम,” गुणाजी म्हणाला. “पण गावाला.”

मग गुणाजीने त्याच्या पद्धतीने, कमी शब्दांत, पुढचं सांगितलं. पत्र्याचा डबा, चिऱ्याचा चौथरा, साडेआठ, आरती, सुधीर सरांचे दोन हुकूम. टेम्पोतल्या फळ्यांपर्यंत येईतो सभागृहाचं हसू आवरेनासं झालं होतं. त्यात टवाळी नव्हती; सुधीर सरांकडे शिकलेली चार माणसं बसली होती, ती तर डोळे पुसत होती. प्राचार्यांना हसावं की रागवावं हे ठरवता येईना, म्हणून ते खोकले.

अपूर्वने कोटाचं बटण सोडलं.

“मला हे आज सकाळी कळलं होतं,” तो माइकवर म्हणाला. “साडेआठ वाजता. मी काकांना गप्प राहायला सांगितलं होतं.” मग पडद्याकडे वळून तो स्वतःच हसला. “तेव्हा मित्रहो, मी तीन वर्षं कणकवलीचा पाऊस डोंबिवलीत पडताना बघत होतो, आणि त्याचं कारण उदबत्तीत शोधत होतो. काका, पुढची चित्रं नका दाखवू.”

गुणाजीने यंत्र बंद केलं. गंमत अशी, की टाळ्या त्यानंतर पडल्या.

चहाच्या वेळी सुदेश दोन कप घेऊन आला. एक त्याने गुणाजीला दिला, हेही पहिल्यांदाच.

“काय भावोजी तुम्ही! एकदा गणपतीला आलेलो तुमच्याकडे. आरती अर्धी टाकून तुम्ही खळ्यात. मला वाटलं तंबाखू मळायला गेलात. सगळ्यांना तसंच सांगत आलोय.”

“सांग आता काय ते.”

“काय सांगू? नाव तर आता येणार नाही ना छापून?”

“नाय.”

“मग मी फोटो ग्रुपवर टाकला त्याचं काय करू?”

“ऱ्हाऊ दे,” शीला मागून म्हणाली. “शाल तरी दिसते.”

सोमवारी गाईडबाईंचा निर्णय आला. गणपतीतले आकडे काढायचे. काढल्यावर मालिका चांगलीच आहे. तीस वर्षांचा एवढा नेटका पाऊस दुसऱ्या कोणाकडे नाही, त्यामुळे प्रबंध जगेल. पण उंचवट्याचं प्रकरण जाणार, परदेशी लेख जाणार आणि ज्याच्या आकड्यांत चूक निघाली त्याचं नाव लेखकांत ठेवता येणार नाही. अपूर्व हे सांगायला गच्चीवर आला तेव्हा चपलेच्या टोकाने फरशी घासत होता.

“प्रस्तावनेत आभार मानतो तुमचे, काका. मराठीत.”

“कशाला, सर? मार्च गाठा तुम्ही. दाढी करा.”

“आता उरलं काय माहितीय? डोंबिवलीत जुलैमध्ये भरपूर पाऊस पडतो. एवढं सिद्ध करायला तीन वर्षं लागली.”

“पक्कं झालं ना पण?” गुणाजी म्हणाला आणि दोघं हसले.

खरी खूश झाल्या त्या मंदाकिनी मॅडम. आधी त्या काचेच्या पेटीत दोन हजार पाच सालच्या महापुराचं पान उघडून ठेवणार होत्या. आता त्यांनी बेत बदलून गणपतीतली पानं ठेवायचं ठरवलं. “असली पानं कोणाकडे नसतील. पण गुणाजी, तो गावचा पत्र्याचा डबाही हवा मला. शेजारी ठेवू.”

“तो देता यायचा नाय, मॅडम.”

“का?”

“कामात आहे तो.”

मॅडमनी पुन्हा मागितला नाही. फक्त एक अट घातली. चुकीचे आकडे तसेच पेटीत ठेवता येणार नाहीत. मुलं खरे धरून बसतील. खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. आकडा वाचता येईल अशी एकच बारीक रेघ मारायची, शेजारी खरं ठिकाण लिहायचं आणि ज्याने रेघ मारली त्याने तिथे पूर्ण नावाने सही करायची, आद्याक्षरं चालणार नाहीत. हे काम दुसऱ्या कोणाला द्यायची त्यांची तयारी होती. गुणाजीची नव्हती.

त्याला चार दिवस लागले. दालनातल्या लांब टेबलाशी पट्टी घेऊन तो बसायचा. सत्त्याण्णव सालापासून सुरुवात केली. रेघ, गावाचं नाव, सही. काही आकड्यांपाशी तो थांबायचा, कारण ते दिवस त्याला आठवायचे, शंभराच्या वर गेलेला एक दिवस, ज्या सकाळी खळ्यातून डब्यापर्यंत जायला आईने डोक्यावर इरलं धरलं होतं, एक ०.०, गौरी जेवायच्या दिवशीचं लख्ख ऊन. आठवून झालं की रेघ मारायचा. तीस रजिस्टरांत तोवर कुठेही त्याचं नाव नव्हतं. महिन्याच्या तळाशी विभागप्रमुखांची सही असायची.

तर कोणी काय भरलं, ते असं. गाईडबाईंचं एका परदेशवारीचं स्वप्न गेलं. अपूर्वची चार पानं उदबत्तीसकट गेली आणि कोटाचं भाडं अंगावर पडलं. सुदेशने नेहमीप्रमाणे काही भरलं नाही, उलट आयुष्यभर सांगायला गोष्ट मिळवली. शीलाने भावासमोरची एक दुपार भरली. कॉलेजचे दोनशे त्रेचाळीस दिवस कोरे झाले आणि ते कोणालाच भरता येणार नव्हते.

आणि गुणाजी भिकाजी धुरीचं नाव इंग्रजीत एकदा छापून येणार होतं, ते आलं नाही. स्वतःच्या अक्षरात, निळ्या शाईत, ते दोनशे त्रेचाळीस वेळा लिहिलं गेलं. प्रत्येक वेळी एका खोडलेल्या आकड्याशेजारी, आणि त्यातला एकही आकडा खोटा नव्हता.